सही कोणाची? नाशिकमध्ये व्यापारी इमारत बांधताना माणसं कोणत्या क्रमाने निवडावीत

कॉलेज रोडला जुना बंगला असतो, किंवा पाथर्डी फाट्याकडे आजोबांनी कधीतरी घेऊन ठेवलेला प्लॉट. भावंडं एकत्र बसतात, खाली दुकानं आणि वर ऑफिसं काढायचं ठरतं, आणि पहिला प्रश्न निघतो, "आर्किटेक्ट कोण चांगला आहे?"

आमच्या घरीही हाच प्रश्न पहिला निघाला होता. आम्ही नकाशा आधी काढला आणि सातबारा नंतर नीट वाचला. कागदावर चार मजले उभे राहिले, घरात पेढे वाटले, आणि मग आत्याच्या मुलांची नोटीस आली. आत्याने हक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त कधी झालाच नव्हता. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रकरण सामोपचाराने मिटलं, पण आठ महिने गेले आणि नातं पूर्वीसारखं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कोणाशीही बोलताना आधी विचारायचं, "या कामात तुमची सही कोणत्या कागदावर असेल?" वकिलाची टायटल रिपोर्टवर (जमिनीच्या मालकीच्या अहवालावर) असते, आर्किटेक्टची नकाशावर, स्ट्रक्चरल इंजिनिअरची स्थैर्याच्या दाखल्यावर, सीएची हिशेबाच्या दाखल्यावर. "सगळं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका," असं म्हणणाऱ्याची सही बहुतेक वेळा कुठेच नसते. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

आधी घरातलं एक उत्तर

कोणालाही भेटण्याआधी घरात ठरवा: गाळे विकायचे, भाड्याने द्यायचे, की काही स्वतःसाठी ठेवायचे? ठरलेलं कागदावर लिहून सर्वांनी वाचा. पुढची सगळी माणसं या उत्तरावरून ठरतात. विकायचं असेल आणि जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी व गाळे आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागतेच. रेरा कायदा घरांइतकाच दुकानांना आणि ऑफिसांनाही लागू आहे. भाड्याने द्यायचं असेल तर ती नोंदणी नाही, पण बँकेचं गणित वेगळं, कराचं वेगळं, आणि इमारतीची रचनाही वेगळी. "बघू पुढे" असं म्हणत सुरू केलेल्या कामात प्रत्येक सल्लागार आपापल्या समजुतीने काम करतो, आणि त्या समजुती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला माणूस: जमिनीचा वकील

दिवाणी दावे लढणारा वकील आणि जमिनीचे कागद वाचणारा वकील ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याला दुसरा हवा. निदान तीस वर्षांच्या नोंदींचा शोध (सर्च), वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि शेवटी स्वतःच्या सहीचा टायटल रिपोर्ट, इतकं त्याच्याकडून लेखी ठरवून घ्या. नुसत्या "कागद क्लिअर आहेत" या तोंडी शब्दावर बँक कर्ज देत नाही, तुम्हीही पैसे घालू नका.

चांगला वकील ओळखायचा कसा? तो कोणते प्रश्न विचारतो ते ऐका. फक्त चालू सातबारा मागणारा पुरेसा नाही. जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागणारा, फेरफारातल्या वारसांची नावं घरातल्या माणसांशी ताडून पाहणारा, "बहिणी किती, त्यांनी हक्कसोड पत्र नोंदवलं आहे का" हे न संकोचता विचारणारा हवा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि बहिणीला विचारून काम करणं हे कायद्याआधी घराचंही कर्तव्य आहे.

नाशिकच्या जमिनींना काही खास गुंते आहेत. शहरातल्या जुन्या मोठ्या प्लॉटवर नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची नोंद सापडते. तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण कलम २० खालच्या सवलतीच्या अटी काही जमिनींवर राहिल्या. शहराच्या कडेला, आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ भागात कुळकायद्याच्या आणि भोगवटादार वर्ग २ च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनी भेटतात. दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी बाजूला जमीन पाहत असाल तर सर्वात आधी ती आदिवासी खातेदाराची आहे का ते तपासा. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर शासनाची पूर्वमंजुरी लागते, आणि "नोटरी करून ठेवू, बाकी नंतर" असं सुचवणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. देवस्थान इनाम आणि वतनाच्या जमिनींचंही तसंच.

वकिलाला विचारायचा माझा आवडता प्रश्न: "मागच्या वर्षभरात तुम्ही किती लोकांना जमीन घेऊ नका असं सांगितलं?" ज्याने कोणालाच सांगितलं नाही, त्याची फी वाचवा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: विकणाऱ्याचा किंवा बिल्डरचा वकील हा तुमचा वकील नसतो, तो कितीही गोड बोलला तरी.

मोजणी, आणि नदीची रेषा

टायटल स्वच्छ निघालं की भूमी अभिलेखाकडून सरकारी मोजणी करून घ्या. खाजगी सर्व्हेअरची टोटल स्टेशनची मोजणी आर्किटेक्टला लागेलच, पण हद्दीचा वाद झाला तर उपयोगी पडते ती सरकारी "क" प्रत. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर राहतील असं पाहा. कुंपण आणि कागद यांत दोन फुटांचा फरक निघाला, तर तो पाया खोदण्याआधी निघालेला बरा.

त्याबरोबर नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा घ्या. शहरात हे काम शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेत. हद्दीबाहेर गेलात तर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. तिथे जमीन मालकीची नसून भाडेपट्ट्याची असते, म्हणून एमआयडीसीचे नियम रोज हाताळणारा सल्लागार घ्या. शहरात दहा इमारती केलेला माणूसही तिथे अडखळतो.

नाशिककरांनी पूररेषा विसरता कामा नये. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारात पाणी शिरलेलं आपण पाहिलं आहे. पण केवळ गोदावरी नाही. नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्याही काठांवर प्लॉट आहेत. देवळाली आणि गांधीनगर भागात लष्कराच्या जागा जवळ आहेत, त्यामुळे संरक्षण खात्याची ना हरकत लागते का हेही याच टप्प्यावर विचारा.

आर्किटेक्ट: चित्र नव्हे, पार्किंग बघा

आता आर्किटेक्ट. "आर्किटेक्ट" हे नाव लावण्यासाठी १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुविशारद परिषदेची नोंदणी लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

नवीन माणूस आर्किटेक्टच्या ऑफिसात जातो आणि संगणकावरचं काचेचं, दिव्यांनी झगमगणारं चित्र बघून भारावतो. त्याऐवजी त्याने केलेल्या तीन व्यापारी इमारतींचे पत्ते मागा. एक नुकतीच झालेली, एक पाच वर्षांपूर्वीची, एक दहा वर्षांपूर्वीची. तिथे संध्याकाळी सात वाजता जा. गाड्या आत लागतात की रस्त्यावर? पहिल्या मजल्यावरची दुकानं चालू आहेत की शटर बंद? जिना कुठे आहे हे नव्या गिऱ्हाइकाला विचारावं लागतं का? जुलैच्या पावसात पुन्हा एकदा जा आणि तळघरात उतरा. तळघरातला पंप सतत चालू असेल तर वॉचमनशी बोला, तो सगळं सांगेल. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या कितीतरी इमारतींमध्ये पहिल्या मजल्याचे गाळे वर्षानुवर्षं रिकामे आहेत, कारण जिना मागच्या बाजूला गेला आणि पार्किंग रॅम्पमध्ये संपलं. ही आर्किटेक्टची निवड होती, आणि मालकाने ती वेळीच विचारली नाही.

नियमांची जाण तपासायची असेल तर एकच विषय काढा: एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली. मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून ती डिसेंबर २०२० पासून राज्यभर लागू आहे. तुमच्या प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर किती चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे बांधता येणारं क्षेत्र) मिळतं, त्यातलं मूळ किती, प्रीमियम भरून किती, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेऊन किती, आणि वर जिने, लिफ्ट, बाल्कनी अशांसाठीचं अनुषंगिक क्षेत्र किती (व्यापारी वापराला ते ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, निवासी वापराला ६०) हे त्याने एका पानावर मांडून द्यावं. सोबत प्रत्येक हिश्शाला भरावे लागणारे पैसे. मिळतं तितकं सगळं चटई क्षेत्र बांधणं फायद्याचंच असतं असं नाही. "तिसऱ्या मजल्यानंतर प्रीमियम आणि पार्किंगचा खर्च भाड्यातून निघणार नाही" असं तोंडावर सांगणारा आर्किटेक्ट मिळाला तर त्याला सोडू नका.

फी टप्प्यांवर ठेवा: आराखडा, बांधकाम परवानगी, कामाची ड्रॉइंग, जोता (पायावरचा चौथरा) तपासणी, भोगवटा (इमारत वापरायची परवानगी). शेवटचा हिस्सा भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावरच द्या. साइटवर महिन्यातून किती वेळा येणार हेही करारात लिहा, नाहीतर परवानगी मिळाल्यावर त्याच्या ऑफिसातला शिकाऊ मुलगाच तेवढा दिसत राहतो. आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. परिषदेच्या १९८९ च्या आचारसंहितेत आर्किटेक्टने ठेकेदाराकडून किंवा माल विकणाऱ्याकडून कमिशन घेऊ नये असं स्पष्ट आहे. टाइल्स, खिडक्या, लिफ्ट ठराविक दुकानातूनच घ्या असा आग्रह झाला तर याची नम्रपणे आठवण करून द्यावी.

जमिनीखाली काय आहे

इथे पैसे वाचवू नका. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

नाशिकची जमीन बेसाल्टची आहे, त्यामुळे "दहा फुटांवर कातळ लागतोच" असं इथे प्रत्येक मिस्त्री सांगतो. बऱ्याच ठिकाणी लागतोही. पण वर काळी माती असते, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खाली मुरूम, मग झिजलेला खडक, आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कधीकधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा. एका कोपऱ्यात कठीण खडक आणि दुसऱ्या कोपऱ्यात भराव घालून बुजवलेली जुनी विहीर, असंही निघतं. बोअर घेऊन माती परीक्षण केल्याशिवाय हे कळत नाही. परीक्षण करणारी संस्था स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुचवावी, पण तिचे पैसे तुम्ही द्यावेत आणि अहवाल तुमच्या नावाने यावा.

स्ट्रक्चरल इंजिनिअर महापालिकेकडे नोंद असलेला आहे का हे पाहा. मग विचारा: फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) खड्डा भरण्याआधी तुम्ही स्वतः याल का? स्लॅब टाकण्याआधी सळई कोण तपासणार? होकार मिळाला तर तो करारात उतरवा. काही ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आर्किटेक्टच्या फीमध्येच "पॅकेज" म्हणून येतं. असं असेल तर त्याच्याशी स्वतंत्र भेटा, आणि त्याची फी तुम्ही थेट द्या. ज्याला पैसे दुसरा देतो, तो अडचण तुम्हाला न सांगता दुसऱ्यालाच सांगतो.

गाळे विकले तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे तुमची. म्हणून इंजिनिअर आणि ठेकेदार यांच्या करारांतही तितक्याच मुदतीची जबाबदारी हवी.

वीज, आग, पाणी

हे थोडक्यात सांगतो, पण हलकं घेऊ नका. वीज, प्लंबिंग, एसी आणि अग्निशमन यांचे सल्लागार नकाशा मंजुरीला जाण्याआधी नेमा, नंतर नव्हे. आमच्या इमारतीत ट्रान्सफॉर्मरची जागा कोणाच्याच लक्षात आली नाही. महावितरणकडे अर्ज गेल्यावर ती मागितली गेली, आणि दोन गाड्यांची पार्किंग गेली. अग्निशमनाचं काम राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेनेच करायचं असतं, आणि इमारत वापरात आल्यावर दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बांधणारी संस्था नंतर देखभालही करणार का, हे आधीच विचारा.

सीए: पहिल्या महिन्यातच

बहुतेक लोक सीएकडे मार्चमध्ये जातात. व्यापारी इमारतीत हा उशीर महाग पडतो. बांधकाम चालू असताना गाळा विकला तर जीएसटी लागतो, भोगवटा मिळाल्यानंतर विकला तर लागत नाही. व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. पण भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या सिमेंट, सळई, ठेक्यावर भरलेल्या कराचा परतावा मिळवणं जवळजवळ बंद आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने थोडी आशा दाखवली होती, ती २०२५ च्या वित्त कायद्याने मागच्या तारखेपासून काढून घेतली. हा फरक तुमच्या खर्चात सरळ बसतो. जमीन बिल्डरला विकसनासाठी देणार असाल तर भांडवली नफ्याचा कर कधी भरायचा, हेही करारावर सही करण्याआधी विचारा. व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब असेल तर तो पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षी येतो, पण त्याच्या अटी आहेत.

महारेराची नोंदणी असेल तर गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात, आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. म्हणजे या तिघांपैकी एकाशी जरी बिनसलं तरी तुमचेच पैसे बँकेत अडकतात. तिघांना सुरुवातीलाच एका टेबलावर बसवा. ते एकमेकांशी कसे बोलतात त्यावरून पुढची दोन वर्षं कशी जातील ते कळतं.

ठेकेदार, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा

ठेकेदार ओळखीतून येतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण ओळखीच्या माणसाबरोबर करार करायला लाज वाटते, तिथेच घोटाळा होतो. स्पष्ट सांगा, "दादा, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवतोय."

चौरस फुटाच्या एका दरावर काम देऊ नका. आर्किटेक्ट आणि इंजिनिअरकडून मालाची व कामाची परिमाण सूची बनवून घ्या आणि तीन ठेकेदारांकडून त्याच सूचीवर दर मागा. सर्वात स्वस्त ठेकेदाराचे दर खोदाईत आणि पायाच्या कामात कमी असतील तर थांबा. तिथेच पुढे "जादा काम" निघतं. सिमेंट आणि सळईचे भाव वाढले तर कोण सोसणार, हे लिहा. प्रत्येक बिलातून साधारण पाच टक्के राखून ठेवा आणि इमारतीने निदान एक पूर्ण पावसाळा काढल्यावर सोडा. बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर मालकाकडून घेतला जातो, त्याची तरतूद ठेवा. आणि ठेकेदाराने आपल्या मजुरांची नोंदणी केली आहे का, त्यांना हेल्मेट आणि प्यायचं पाणी मिळतं का, हे साइटवर जाऊन बघा.

सध्या एक प्रश्न अवश्य विचारावा: "२०२७ च्या सिंहस्थाची किती कामं तुमच्याकडे आहेत?" मोठं सरकारी काम मिळालं की छोट्या साइटवरचे सेंट्रिंगवाले आधी उचलले जातात.

इमारत चार-पाच मजल्यांची असेल आणि घरात रोज साइटवर जाणारं कोणी नसेल, तर स्वतंत्र प्रकल्प व्यवस्थापक किंवा निवृत्त अनुभवी साइट इंजिनिअर नेमा. तो ठेकेदाराच्या पगारावर नसावा, एवढीच अट.

भाडेकरू आणणारा माणूस

ब्रोकरला शेवटी बोलावतात. मी म्हणेन, नकाशा मंजुरीला जाण्याआधी एकदा बोलवा. बँकेला तळमजला, रॅम्प आणि एटीएमची जागा हवी असते. दवाखान्याला स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. क्लासला मुलांच्या सायकली लावायला जागा. हॉटेलला धुराड्याची वाट. हे स्लॅब पडल्यावर बदलत नाही. विक्री करायची असेल तर महारेराकडे नोंद असलेलाच एजंट घ्या.

आणि फाइल

शेवटचं बिल देताना प्रत्येकाकडून आपापली मूळ कागदपत्रं मागून घ्या: माती परीक्षणाचा अहवाल, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, प्रत्यक्ष बांधलेल्या पाइप आणि वायरिंगचे नकाशे, लिफ्टचा परवाना, अग्निशमनाचं प्रमाणपत्र, जोता आणि भोगवटा दाखले. कोणालाही मधेच बदलावं लागलं तर जुन्याचा हिशेब पूर्ण करून त्याचं ना हरकत पत्र घ्या, त्याशिवाय नवा चांगला माणूस काम हातात घेत नाही. आमच्याकडे आजही एक लोखंडी कपाट आहे, त्यात ही सगळी ड्रॉइंग गुंडाळून ठेवली आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला भिंतीत नवा दरवाजा हवा होता, तेव्हा इंजिनिअरने तीच ड्रॉइंग उघडली, कॉलमची जागा बघितली आणि दरवाजा तीन फूट उजवीकडे घ्यायला सांगितला.